काडी, डिंक आणि चंदन : अर्जुनी मोरगावच्या धूपपरंपरेतून जपानी उदबत्तीकडे

उदबत्तीचा इतिहास बहुतेक वेळा सुगंधी द्रव्यांच्या व्यापाराचा इतिहास म्हणून लिहिला जातो. चंदन, अगर, कस्तुरी आणि कापूर कोणत्या बंदरातून कोठे गेले हे सांगितले की विषय संपला असे मानण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात उदबत्ती ही चार घटकांनी घडणारी वस्तू आहे. वास देणारे द्रव्य, एकसारखे जळत राहणारे लाकडाचे किंवा कोळशाचे भरण, या दोहोंना धरून ठेवणारे चिकट चूर्ण आणि भारतीय पद्धतीत या साऱ्यांना आधार देणारी बांबूची काडी हे ते चार घटक होत. यांपैकी पहिला घटक, विशेषतः चंदन, गेल्या शतकभरात सामान्य घराच्या आवाक्याबाहेर गेला, तरीही ‘चंदनाची उदबत्ती’ बाजारात स्वस्त दरात मिळत राहिली, आणि ते उरलेल्या तीन घटकांमुळे शक्य झाले. जपानमध्ये रोजच्या वापरासाठी तयार होणारी, बेताच्या किमतीची चंदनी उदबत्ती भारतात हाती आल्यावर ती वेगळी का वाटते, याचे उत्तरही चंदनापेक्षा या तीन घटकांमध्ये अधिक सापडते. हा प्रश्न समजून घेण्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुका उपयुक्त ठरतो, कारण धूपाच्या निरनिराळ्या पद्धती आणि त्यांना लागणारा बराचसा रानमाल तेथे एकाच परिसरात आढळतो.

प्रदेश आणि रानमाल

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, आणि अर्जुनी मोरगाव हा त्याच्या दक्षिण टोकाचा, भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांना लागून असलेला तालुका ठरला. जिल्ह्यात सडक अर्जुनी नावाचा दुसरा तालुका असल्याने शेजारच्या मोरगावचे नाव जोडून या गावाचा उल्लेख केला जातो. गोंदियाहून सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी या मार्गाने नागभीडकडे जाणाऱ्या लोहमार्गामुळे येथील रानमालाला बाहेरची बाजारपेठ मिळाली. हा सारा भाग झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. धान, तलाव आणि जंगल या तिन्हींवर येथील जीवन उभे असून, परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जाणारा नवेगाव बांध आणि गाढवी नदीवरील इटियाडोह धरण ही या प्रदेशातील जलव्यवस्थेची ठळक उदाहरणे आहेत. नवेगावच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले.

या जंगलाची आर्थिक ओळख मुख्यतः तेंदूपान, मोहफूल आणि बांबू यांनी घडवली. तेंदूपानावर गोंदिया-भंडाऱ्याचा विडी उद्योग वाढला, तर बांबू एकीकडे कागद कारखान्यांकडे आणि दुसरीकडे बुरडांच्या घराकडे गेला. बुरड म्हणजे बांबू चिरून सुपे, टोपल्या, डाल्या, तट्टे आणि धान साठवण्याची कणगी विणणारा कारागीर समाज. बांबूची कांब उभी चिरणे, तिची पाठ आणि पोट वेगळे काढणे आणि हव्या त्या जाडीची कामटी तासणे ही या समाजाची पिढीजात विद्या आहे. उदबत्तीची काडी ही मुळात अशीच एक अतिशय बारीक कामटी असल्याने, धूपाच्या इतिहासात बुरडाच्या कोयत्याचा वाटा गंध्याच्या कुपीपेक्षा कमी नाही. गंधी म्हणजे सुगंधी द्रव्ये तयार करणारा आणि विकणारा व्यापारी. त्याची नोंद ग्रंथांनी ठेवली, बुरडाची ठेवली नाही.

काडीच्या उदबत्तीपूर्वी आणि नंतरही या भागातील धूप म्हणजे निखाऱ्यावर टाकलेला डिंक होता. सालई हे मध्य भारताच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारे झाड आहे. त्याच्या सालीला छेद दिला असता पाझरणारा राळयुक्त डिंक वाळवून धूप म्हणून वापरला जातो, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सालई ही अरबस्तान व आफ्रिकेतील प्रसिद्ध धूपवृक्षांच्याच कुळातील, त्यांच्याच प्रजातीतील भगिनी आहे. पूर्वेकडील सालवनांतून राळ येत असे, तर लोबान किंवा ऊद हा सुमात्रा आणि आसपासच्या प्रदेशातील झाडाचा सुवासिक डिंक व्यापारी मार्गाने गावोगावच्या बाजारात पोचत असे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड या डोंगरावर महादेवाचे देवस्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा अशी दोन श्रद्धास्थाने आहेत, आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. शिवपूजेतील धूप आणि दर्ग्यातील लोबान यांचा विधी निराळा असला, तरी द्रव्य जाळण्याची रीत एकच आहे. निखारा वेगळा पेटवायचा आणि सुगंधी डिंक त्यावर टाकायचा. या रीतीत धूर भरपूर होतो, वास उग्र आणि थोड्या वेळाचा असतो, आणि निखारा राखायला माणूस लागतो. उदबत्तीने हे तिन्ही प्रश्न सोडवले, कारण तिच्यात इंधन आणि सुगंध एकाच पिंडात मळलेले असतात.

ग्रंथांतील वर्ती

सुगंधी द्रव्ये एकत्र मळून त्यांची वात करण्याची कल्पना भारतात जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्ती, म्हणजे सुगंधी मिश्रणे तयार करण्याचे शास्त्र, या विषयाला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये धूपभोगाचा समावेश असून, त्यात चूर्ण, पिंड आणि वर्ती असे धूपाचे प्रकार सांगितले आहेत. यांतील वर्ती म्हणजे वळलेली वात हीच आजच्या उदबत्तीची पूर्वज मानता येते. या शास्त्राचा मराठीशी आलेला संबंधही महत्त्वाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय सुगंधी द्रव्यांच्या इतिहासावर केलेल्या लेखनामुळे गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आले. यांपैकी ‘गंधवाद’ या ग्रंथाला मराठी टीका जोडलेली आहे, म्हणजेच गंधशास्त्र हे संस्कृत पंडितांपुरते न राहता मराठी जाणणाऱ्या व्यावसायिकांच्या उपयोगाचे झाले होते.

या ग्रंथपरंपरेत चंदन, अगर, जटामांसी, लवंग, कापूर यांच्यासोबत ‘नख’ या द्रव्याचा वारंवार उल्लेख येतो. समुद्री गोगलगाईच्या शिंपल्याच्या तोंडावरील झाकणासारखा हा कठीण पडदा शुद्ध करून, कुटून धूपात घातला जाई. त्याचा स्वतःचा वास फारसा आल्हाददायक नसला तरी तो इतर वासांना एकत्र बांधतो आणि अधिक काळ टिकवतो, असा अनुभव होता. हेच द्रव्य जपानी धूपातही ‘काइको’ या नावाने वापरले जाते, आणि जटामांसी, लवंग, दालचिनी यांचीही तीच गोष्ट आहे. भारतीय आणि जपानी धूप यांच्यातील नाते केवळ चंदनापुरते मर्यादित नाही, तर ते मिश्रणाच्या संपूर्ण तत्त्वाचे आहे.

चंदनाचे महाग होणे

चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून काही पोषण घेतात, आणि सुगंध सालीत किंवा बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नसून आतल्या गाभ्यात असतो. तो गाभा तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त चंदनाचे अनेक प्रकार राजकोशात ठेवण्याजोग्या मालात मोजलेले आहेत, यावरून त्याचे मोल फार पूर्वीपासून राजसत्तेच्या नजरेत होते हे दिसते. म्हैसूर राज्यात टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनावर राज्याची मालकी जाहीर केली, आणि पुढील काळातही ही व्यवस्था टिकून राहिली. पहिल्या महायुद्धात जर्मनीला होणारी चंदनाची निर्यात थांबल्यावर म्हैसूर संस्थानाने स्वतः तेल काढण्याचा निर्णय घेतला, आणि १९१६ मध्ये बंगळूर येथे व त्यानंतर म्हैसूर येथे चंदनतेलाचे कारखाने सुरू झाले.

राज्याच्या मक्तेदारीचा एक परिणाम असा झाला की, खासगी जमिनीवर उगवलेले चंदनही मालकाचे नसल्याने ते वाढवण्यात कोणाला रस उरला नाही, आणि दुसरीकडे चोरटी तोड वाढली. त्यात १८९९ मध्ये कोडगू भागात प्रथम नोंदवल्या गेलेल्या ‘स्पाइक’ रोगाने असंख्य झाडे नष्ट केली. कर्नाटकाने या शतकाच्या आरंभी कायद्यात बदल करून जमीनमालकाला चंदनाचा हक्क दिला. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीतील झाडांमध्ये चंदनाचा समावेश असून, परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. परिणामी घरच्या सहाणेवर उगाळायचे खोडही जपून वापरण्याची वेळ आली, आणि उदबत्तीच्या पिठात चंदनाची भुकटी भरपूर घालणे हा उद्योगाला न परवडणारा व्यवहार ठरला. बाजारातील बहुसंख्य स्वस्त चंदनी उदबत्त्यांमध्ये आज वास प्रयोगशाळेत तयार केलेल्या संश्लेषित द्रव्यांचा असतो, आणि जळणारा पदार्थ म्हणजे कोळशाची व लाकडाची भुकटी असते.

काडीचा धंदा

भारतात बांबूच्या काडीवरील उदबत्तीचा संघटित धंदा प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर-बंगळूर परिसरात वाढला. या धंद्यात दोन पद्धती ठरून गेल्या. पहिलीत सुगंधी द्रव्ये पिठातच मळून मसाला उदबत्ती वळली जाते, तर दुसरीत कोळसा, भुसा आणि जिगट यांची बिनवासाची कच्ची बत्ती आधी वळून नंतर ती सुगंधी द्रावणात बुडवली जाते. जिगट म्हणजे चिकटपणा आणणारे सालीचे चूर्ण. ते मुख्यतः सह्याद्रीत गुळंब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडापासून किंवा मध्य भारतातील मैदालकडीच्या सालीपासून मिळते. पाण्यात कालवल्यावर हे चूर्ण पिठाला लवचीक करते, वाळल्यावर घट्ट होते आणि मुख्य म्हणजे जळताना वेगळा वास सोडत नाही. बुडवण्याची पद्धत स्वस्त ठरली, कारण तिच्यात वळण्याचे काम आणि वासाचे काम वेगळे झाले. कच्ची बत्ती कोठेही, कोणत्याही खेड्यात वळता येऊ लागली, आणि सुगंधाचे सूत्र मात्र कारखानदाराच्या हाती राहिले. हजार काड्यांमागे दर ठरवून घरोघरच्या स्त्रियांना पीठ आणि काडी देण्याची व्यवस्था त्यातूनच रुजली. विदर्भात जे घर विडी वळते त्या घराला या कामाचा हिशेब निराळा समजावून सांगावा लागत नाही, कारण नगावर मोजलेली मजुरी आणि घरातच होणारे काम ही दोन्ही लक्षणे या दोन धंद्यांत समान आहेत.

अर्जुनी मोरगावसारख्या बांबूच्या तालुक्याला या धंद्यात स्वाभाविक स्थान मिळायला हवे होते, परंतु तसे झाले नाही, आणि त्याची कारणे बांबूच्या जातीत, कायद्यात आणि आयातधोरणात आहेत. विदर्भाच्या जंगलात मुख्यतः मानवेल हा बांबू आढळतो. तो जवळजवळ भरीव, चिवट आणि तुलनेने आखूड पेरांचा असतो. काठी, तट्टे आणि टोपली यांसाठी हे गुण उत्तम आहेत, परंतु उदबत्तीची काडी गाठीविना, सरळ आणि सहज चिरणारी हवी असल्याने लांब पेरांचे, पातळ भिंतीचे ईशान्य भारतातील बांबू अधिक सोयीचे ठरतात. त्यामुळे काडीचा पुरवठा त्रिपुरा आणि आसपासच्या राज्यांकडे गेला. कायद्याच्या बाजूने पाहता, भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना दीर्घकाळ वृक्षात होत असे, आणि त्यामुळे शेताच्या बांधावरील बांबू तोडून नेण्यासाठीही वाहतूक परवाना लागे. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू या व्याख्येतून वगळला गेला. वनक्षेत्रातील बांबूबाबत शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेतला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेला बांबू विक्रीचा व वाहतूक परवान्याचा अधिकार मिळवून या प्रदेशापुढे वेगळा मार्ग ठेवला.

आयातधोरणाचा परिणाम अधिक थेट होता. २०११ मध्ये बांबूच्या काडीवरील आयातशुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले, आणि व्हिएतनाम व चीनमधील यंत्रावर कापलेली गोल, गुळगुळीत काडी भारतात इतकी स्वस्त मिळू लागली की हाताने चिरलेली चौकोनी काडी मागे पडली. ऑगस्ट २०१९ मध्ये कच्च्या बत्तीच्या आयातीवर निर्बंध आले, आणि जून २०२० मध्ये काडीवरील शुल्क २५ टक्के करण्यात आले. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने उदबत्ती उत्पादनाला चालना देणारी योजना जाहीर केली. गडचिरोलीत त्याआधीच, २०१२ च्या सुमारास, वनविभागाच्या पुढाकाराने गावातील स्त्रियांना उदबत्तीच्या कामात आणणारा प्रकल्प सुरू झाला होता. या घडामोडींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. भारतीय उदबत्तीची किंमत आणि तिच्या कामगारांचे उत्पन्न चंदनाच्या भावापेक्षा काडीवरील शुल्काने अधिक हलते.

काडीविना धूप : नोर्गेलिंग

अर्जुनी मोरगाव तालुक्यातच, गोठणगाव परिसरात, काडी न वापरणारी धूपपरंपराही गेल्या अर्धशतकापासून नांदत आहे. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांसाठी देशात ज्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांपैकी महाराष्ट्रातील नोर्गेलिंग ही वसाहत १९७२ मध्ये येथे वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात असल्याने तिचा उल्लेख आजही अनेकदा भंडाऱ्याच्या नावाने होतो. तिबेटी धूपकांडी ही औषधी वनस्पती, देवदार-जुनिपर जातीची लाकडे, चंदन आणि मसाल्याची द्रव्ये कुटून, पाण्यात मळून, नळीतून दाबून काढलेली सलग कांडी असते. तिच्यात बांबू नसतो. याशिवाय ‘सांग’ या विधीत जुनिपरच्या फांद्या व पाने जाळून धुराचे अर्घ्य दिले जाते, आणि त्याचे तत्त्व निखाऱ्यावर डिंक टाकण्याच्या जुन्या रीतीला जवळचे आहे. हिमालयातील जुनिपर झाडीपट्टीत वाढत नसल्याने धूपाचा हा माल बाहेरूनच येतो.

बौद्ध उपासनेतील धूपाला या भागात आणखी एक, संख्येने मोठा आधार आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील गावोगावी बुद्धविहारे उभी राहिली, आणि वंदनेच्या वेळी मेणबत्ती व उदबत्ती लावणे हा नित्याचा भाग झाला. जपानशी विदर्भाचा संबंधही याच चळवळीतून दृढ झाला. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई हे १९६० च्या दशकात नागपुरात आले आणि तेथेच स्थायिक झाले, तर कामठी येथील ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर १९९९ मध्ये जपानी सहकार्यातून उभे राहिले. त्यामुळे जपानी धूपाचा विचार विदर्भाच्या संदर्भात करणे हे दूरचे नाते जोडणे ठरत नाही.

आवाजी बेटावरील रोजची उदबत्ती

इ. स. ७२० मधील ‘निहोन शोकी’ या जपानी इतिहासग्रंथात, ५९५ साली आवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक ओंडका लागला, तो जाळल्यावर अपूर्व सुगंध पसरला आणि तो सम्राज्ञी सुइको हिला अर्पण करण्यात आला, अशी नोंद आहे. हा ओंडका अगरूचा होता. नारा येथील शोसोइन या राजकोशातील ‘रांजाताई’ हा सुमारे ११.६ किलोग्रॅम वजनाचा प्रसिद्ध ओंडकाही अगरूचाच आहे, आणि त्याचा तुकडा कापून घेण्याचा मान आशिकागा योशिमासा, १५७४ मध्ये ओदा नोबुनागा आणि १८७७ मध्ये सम्राट मेइजी यांना मिळाला. अगरू आणि चंदन ही दोन्ही द्रव्ये जपानमध्ये उगवत नाहीत. तेथे पोचलेल्या चंदनाचा फार बोलका पुरावा होर्यूजी मंदिराच्या संग्रहात आहे. तेथील चंदनाच्या ओंडक्यांवर पहलवी लिपीतील कोरीव अक्षरे आणि सोग्दी व्यापाऱ्यांची डागून उमटवलेली खूण असून, त्यावरील शाईची नोंद इ. स. ७६१ मधील आहे. दक्षिणेकडील जंगलातून निघालेले लाकूड इराणी व मध्य आशियाई व्यापाऱ्यांच्या हातून जपानच्या मंदिरात गेले, हे या दोन खुणांवरून कळते. आजही जपानी धूपव्यवसायात म्हैसूरचे चंदन ‘रोझान’ या नावाने सर्वांत उत्तम मानले जाते.

पंधराव्या शतकात जपानी उच्चवर्गात कोदो ही सुगंधकला आकाराला आली. तिच्यात राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची पातळ चकती ठेवून तिच्यावर अगरूचा बारीक तुकडा तापवला जातो, तो जाळला जात नाही. या कलेतील अगरूच्या सहा प्रकारांपैकी ‘मानाबान’ हे नाव मलबारशी जोडले जाते. ही कला मोजक्या घरांपुरती राहिली. सामान्य माणसाच्या घरात धूप गेला तो सेन्को म्हणजे सरळ कांडीच्या रूपाने. एदो काळात प्रत्येक कुटुंबाची एखाद्या बौद्ध मंदिरात नोंद असणे बंधनकारक झाले, घरोघरी पूर्वजांचे देवघर उभे राहिले, आणि रोज लावता येईल अशा स्वस्त कांडीची मागणी कायमची निर्माण झाली. साकाई हे बंदर या धंद्याचे जुने केंद्र होते. १८५० मध्ये तेथील तंत्र आवाजी बेटावरील एइ या बंदरगावात नेले गेले. हिवाळ्यात तेथे पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो, त्यामुळे जहाजे अडून पडत आणि खलाशी कुटुंबांना काम नसे, परंतु तोच वारा ओल्या कांड्या वाळवायला उपयोगी पडला. आज जपानमधील सुमारे ७० टक्के उदबत्ती आवाजी बेटावर तयार होते.

ही कांडी स्वस्त होण्याचे रहस्य ताबू या झाडाच्या सालीत आहे. ताबू हा वनस्पतिशास्त्रानुसार सह्याद्रीतील गुळंबाच्याच प्रजातीतील वृक्ष आहे, आणि त्याच्या सालीचे चूर्ण जिगटाचेच काम करते. फरक एवढाच की, जपानी कारागिराने हे चूर्ण इतके बारीक दळले आणि पिठात इतके एकजीव केले की कांडीला आतून आधाराची गरजच उरली नाही. गरम पाण्यात मळलेले पीठ दाबयंत्रातून बारीक छिद्रांवाटे शेवयांसारखे बाहेर काढतात, फळीवर सरळ मांडून कापतात आणि सावकाश वाळवतात. सुमारे १४ सेंटिमीटर लांबीची अशी कांडी साधारण अर्धा तास जळते. निप्पोन कोदो या कंपनीची ‘माइनिची-को’ म्हणजे रोजची उदबत्ती हे या वर्गातील सर्वांत परिचित उदाहरण असून, चंदनाला प्राधान्य देणारी ही कांडी शतकाहून अधिक काळ बाजारात आहे.

दोन पद्धतींची पारख

अशी जपानी कांडी भारतीय घरात लावून पाहिली असता तीन गोष्टी लगेच लक्षात येतात. पहिली म्हणजे तिचा वास मंद वाटतो. भारतीय उदबत्ती मोठ्या घरासाठी, उघड्या खिडक्या-दारांसाठी, मंदिराच्या गाभाऱ्यासाठी घडलेली असल्याने तिचा वास लांबवर पोचावा अशी अपेक्षा असते, तर जपानी कांडी लहान, बंद खोलीतील देवघरासाठी बेतलेली असते. दुसरी गोष्ट अशी की, बांबू जळण्याचा जो करपट वास भारतीय उदबत्तीच्या सुगंधाखाली सतत असतो आणि सवयीने जाणवेनासा झालेला असतो, तो येथे नसतो. त्यामुळे थोडेसे चंदनही स्पष्ट उमटते, आणि त्यामागून लवंग, दालचिनी किंवा कापूर यांच्या छटा ओळखू येतात. तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे. काडी नसल्याने ही कांडी केळ्यात किंवा पितळी उदबत्तीघराच्या भोकात नीट बसत नाही आणि जोराने दाबली तर मोडते. तिच्यासाठी वाटीभर चाळलेली राख लागते, आणि त्या राखेत ती शेवटपर्यंत जळते.

मात्र यावरून जपानी कांडीत चंदन पुष्कळ असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्वस्त प्रकारांत तेथेही लाकडाची भुकटी, ताबू आणि तयार सुगंधी द्रव्ये यांचेच प्रमाण अधिक असते, आणि शुद्ध रोझान चंदनाची कांडी जपानमध्येही महागच आहे. दोन्ही देशांनी महाग चंदन कमी वापरण्याचा मार्ग काढला. भारताने काडी ठेवून पीठ स्वस्त केले आणि वास वरून दिला, जपानने काडी न वापरता पीठ बारीक आणि एकजीव केले. पहिल्या मार्गाने लाखो घरांना, विशेषतः स्त्रियांना, काम मिळाले, परंतु मजुरी हजार काड्यांच्या हिशेबात अडकली. दुसऱ्या मार्गाने कारागिरी आणि यंत्र एका बेटावर एकवटले व दर्जा टिकला, परंतु त्यात घरोघर वाटून देता येईल असे काम फारसे उरले नाही. कोणता मार्ग श्रेष्ठ हे केवळ नाकाने ठरवता येणार नाही.

अर्जुनी मोरगावच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. मानवेल बांबू उदबत्तीच्या गोल काडीत व्हिएतनामशी स्पर्धा करू शकत नाही, परंतु बिनकाडीच्या धूपाला लागणारा माल, म्हणजे सालईचा डिंक, मैदालकडी आणि लाकडाची भुकटी, मध्य भारताच्या जंगलांना अपरिचित नाही, आणि अशी कांडी घडवण्याची परंपरा नोर्गेलिंगच्या रूपाने तालुक्यातच आहे. सालई आणि मैदालकडी यांची साल ओरबाडल्यास झाडे मरतात, म्हणून अशा कोणत्याही उद्योगाची सुरुवात ग्रामसभेने ठरवलेल्या तोडीच्या नियमांपासूनच व्हायला हवी. त्याचबरोबर बुरड कुटुंबांची अवजारे, वनविभागाच्या डेपोतील जुनी नोंदवही, प्रतापगडच्या यात्रेतील धूपविक्री आणि तिबेटी कुटुंबांकडील मिश्रणाची सूत्रे यांची पद्धतशीर नोंद जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी आताच केली पाहिजे, कारण ही माहिती ज्यांच्या हातात आहे ती पिढी आता वृद्ध झाली आहे.